तिसरं रॅक

निवडणूक लागली की वाळपईच्या ठाण्यात
खोबरेल आणि लोखंडाचा वास येतो.
तालुकाभरच्या बंदुका येतात
गोणपाटातून, जुन्या लुगड्यातून,
एक तर आली नातवाच्या क्रिकेटच्या पिशवीतून,
आणि मी टेबलामागे बसून
प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी बांधतो,
शवागारात अंगठ्याला बांधतात तशी.
(हे मी घरी कधी बोललो नाही.)

परवाना पीक संरक्षणाचा. नळी एक. काडतुसं सात.
"आठ होती ना, भटजी?"
"एक चवथीला वाजवलं," नगरगावचे बर्वे म्हणतात,
"माकडांना कळायला हवं, कुळागराला धनी आहे."

पावती मिळेपर्यंत बाकड्यावर गजाली.
चरावण्याचा शाबलो गावस दर खेपेस तेच विचारतो :
आचारसंहिता लागली हे रानडुकराला
कोण कळवणार, हवालदार? तुम्ही की कलेक्टर?
दर खेपेस आम्ही हसतो.

मग मिनेझिस, बँकेतून निवृत्त, नीट घडीचा शर्ट,
त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे, स्वसंरक्षणार्थ.
चोर आले त्या रात्री रिव्हॉल्व्हर कपाटात,
कपाटाची किल्ली बायकोकडे,
आणि बायको न्हाणीघरात, आतून कडी लावून.
"तरी हवंच," ते म्हणतात. "असलं की झोप लागते."
"त्या रात्री लागली होती?" बर्वे विचारतात.
"लागली होती. म्हणून तर चोर आले."
शाबलो मांडीवर थाप मारून हसतो
आणि मध्येच थांबतो.

दारात कोपार्ड्याची मथुरा माजिक.
खांद्यावर नवऱ्याची बंदूक, हातात कागद.

तिचा नवरा व्हाळावर कुर्ल्या धरायला गेला होता, बॅटरी घेऊन.
पलीकडून कुणाला दिसले
दोन चमकणारे डोळे, की एकच,
जबाबात दोन्ही लिहिलंय.
मारणारा शेजारचा. तेरा दिवस तोच तिच्या दारात
लाकडं फोडत होता.

बाकड्यावर आता कुणालाच तोंड उघडायचं नव्हतं.
तिनेच उघडलं :
परवाना माझ्या नावावर करा.

बर्वे हळूच म्हणाले, सौरकुंपण घाल गो, सरकार पैसे देतं.
शाबलो म्हणाला, घेऊ दे की, पोफळी कोण राखणार?
मिनेझिसनी चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.
"वरच्या घरातून खालच्या घरात साद पोचत नाही,"
ती म्हणाली, बोलत होती माझ्याशीच.
"बार पोचतो. मला ठाऊक आहे किती लांब पोचतो."

मी वारसाचा फॉर्म काढला. पेन चाललं नाही, दुसरं घेतलं.
बंदूक उचलून आत जायला वळलो तेव्हा तिने विचारलं :
"ती पण इथंच आहे का? त्याची?"

आहे. मुद्देमाल. तिसरं रॅक, डावीकडून चौथी.
कोर्टाची तारीख पडतेय तोवर तिथंच राहील.
मी मान हलवली.

"तिच्या शेजारी ठेवू नका."

बावन्न बंदुका आणि जागा पन्नासांची.
माझ्या खुर्चीमागे, भिंतीला टेकवून,
ती मी सदतीस दिवस वेगळी ठेवली.
साहेबांनी विचारलं तर सांगितलं, वाळवी लागलीय रॅकला.

निकाल लागला. फटाके वाजले. एकेक जण येऊन
आपापली लुगड्यात गुंडाळून घेऊन गेला.
मथुराचा अर्ज वर गेलाय. वर म्हणजे कुठे, ते मलाही नीट माहीत नाही.

काल रात्री ठाण्यात फोन आला.
"डुकरं आली होती. तेलाचा डबा बडवला. गेली."
बरं झालं, म्हणालो.
"मग व्हाळापलीकडून कुणीतरी बॅटरी मारली,
ओरडून विचारलं, कोण आहे?"

पुढे ती बराच वेळ बोलली नाही.
लाईनवर रातकिडे ऐकू येत होते, तिच्याकडचे की माझ्याकडचे.

"हवालदार, मी ओ दिली नाही.
डबा हातात धरून
खाली बसून राहिले."